थंडी वाढतेय: शेतातली भाजी काढायची, झाकायची की तशीच ठेवायची?

प्रश्न (गादीवाफा): पानगळ संपत आली, एकदा पहाटे दव गोठलंही. शेतात पालक, लीक (कांद्याच्या कुळातली लांब दांड्याची भाजी), कोबी, गाजर, बीट आणि थोडा फ्लॉवर उभा आहे. पुढच्या दोन आठवड्यांत रात्रीचं तापमान उणे ५ पर्यंत उतरेल असं दिसतंय. १७ ग्रॅमचं (चौरस मीटरला) क्रॉप कव्हर, म्हणजे पीक झाकायचं पातळ कापड, हाताशी आहे. आधी काय काढू? आणि कापड थेट पिकावर अंथरलं तर चालेल का?

उत्तर (खुरपं): फ्लॉवर पहिला काढा. गड्डा गोठला की तपकिरी डाग पडतात आणि तिथूनच सड सुरू होते. मग बीट, कारण त्याचा खांदा, म्हणजे कंदाचा वरचा भाग, मातीबाहेर असतो आणि तोच आधी मऊ पडतो. पाला दोन-तीन सेंमी ठेवून कापा, शेपूट छाटू नका. जखमेतून कूज शिरते. कोबीचे घट्ट गड्डे उणे ५ एखाद-दोन रात्री सोसतात, पण रोज गोठणं-वितळणं सुरू झालं की बाहेरची पानं बुळबुळीत होतात. तेव्हा तो तिसरा.

लीकला मातीची भर द्या आणि राहू द्या. गाजरही राहू द्या, थंडीत त्यातली साखर वाढते. फक्त जमीन गोठायच्या आत वाफ्यावर २०-३० सेंमी कोरडं भुसकट पसरा.

उत्तर (वाफसा): कापड थेट टाकू नका. ओलं कापड पानाला चिकटून गोठतं आणि नेमकी तेवढीच जागा काळी पडते. साधारण ४ मिमी जाडीच्या तारेचे १.८ मीटरचे तुकडे करा, ७५ सेंमी रुंद वाफ्यावर दोन्ही टोकं २० सेंमी मातीत खोवा, म्हणजे मध्ये अर्धा मीटर उंची मिळते. कमानी सव्वा ते दीड मीटरवर. १७ ग्रॅमचा एक थर जेमतेम दोन अंश राखतो. उणे ५ ला दुहेरी थर घ्या. कडा मातीच्या पिशव्यांनी दाबा. एक फट राहिली तरी वारा आत शिरून सगळं कापड उडवतो.

वेळ फार महत्त्वाची आहे. रात्री कापडाखाली जी ऊब असते ती जमिनीतून येते, म्हणून ऊन उतरायच्या आत झाका. अंधार पडल्यावर झाकलं तर बरीचशी ऊब निघून गेलेली असते. माती कोरडी असेल तर आदल्या दिवशी दुपारी हलकं पाणी द्या, ओली माती जास्त उष्णता धरते. वरून प्लास्टिक घालणार असाल तर ऊन पडताच दोन्ही तोंडं उघडा, नाहीतर आत घाम धरतो आणि पालकावर केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) येतो.

काढणीतही सांभाळा. गोठलेलं पान काचेसारखं कडक होतं. त्याला हात लागला तरी आतल्या पेशी फुटतात आणि वितळल्यावर पान काळं पडतं. पान मऊ होऊन पुन्हा ताठ उभं राहीपर्यंत थांबा, मग सकाळचे अकरा वाजले तरी हरकत नाही.

उत्तर (ठिबकवाला): दिवस दहा तासांच्या खाली गेला की वाढ जवळपास थांबते. म्हणून आता नवी पेरणी नको. कापडाखालचा पालक तोवर पाऊण वाढलेला हवा.

लसूण राहिला असेल तर आधी तो उरका: पाकळी टोक वर करून ५ सेंमी खोल, १५ सेंमी अंतरावर. जमीन गोठायच्या चार-सहा आठवडे आधी लावला तर मुळं धरतात.

ठिबकच्या एंड कॅप (टोकाची टोपणं) काढून लॅटरल, म्हणजे ओळीतल्या नळ्या, धुवा आणि रिकाम्या करा, फिल्टर आणि पंपाचे ड्रेन प्लग (पाणी काढायची बुचं) उघडे ठेवा. बॉल व्हॉल्व पूर्ण बंद ठेवू नका, अर्धा उघडा ठेवा. नाहीतर आतल्या बॉलच्या पोकळीत अडकलेलं पाणी गोठून व्हॉल्वची बॉडीच तडकते.

गादीवाफा: भुसकट टाकण्याआधी गाजराचा पाला कापायचा का?

खुरपं: हो, जमिनीलगत, पण माथ्याला कोयता लागू न देता. हिरवा पाला भुसकटाखाली सडतो आणि ती सड गाजरात उतरते. कापल्यावर उघडे राहिलेले खांदे मातीने झाका आणि वाफे खुणेच्या काठ्या रोवून ठेवा, बर्फाखाली ओळ सापडत नाही. उंदरांची बिळं दिसत असतील तर मात्र त्या वाफ्यातली गाजरं आत्ताच काढा. भुसकटाखाली त्यांना आयतं घर मिळतं.