सांगली-मिरजला पहिल्यांदाच येतोय, स्वस्तात नीट जेवण कसं शोधायचं?

सूरवेडी:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मुलीसाठी तानपुरा घ्यायला मिरजेला यायचंय, सतारमेकर गल्लीत. तिच्या गुरुजींनी बजावलंय की ऑनलाइन मागवू नका, स्वतः जाऊन जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, ऐका आणि मग घ्या, त्यामुळे डोंबिवलीहून सगळं लटांबर निघालंय, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. राहायचं सांगलीत एसटी स्टँडजवळ लॉजवर. आमच्यापैकी कोणीच तिकडे कधी आलेलं नाही.

प्रश्न जेवणाचा आहे. मॅपवर रेस्टॉरंट टाकलं की सगळीकडे तेच पनीर, तेच मंचुरियन, आणि रेटिंग बघावं तर सगळ्यांनाच चारच्या वर. ते तर इथे स्टेशनबाहेर रोजच दिसतं. सासूबाई पक्क्या शाकाहारी आणि तिखटाला घाबरतात, नवऱ्याला एकदा तरी मटण हवंच, लेकीला डोसा मिळाला की ती खूश. माणशी दीडशे-दोनशेत एक जेवण बसलं तर बरं. रिक्षावाल्यांना विचारावं का, की त्यांचं कमिशन असतं? आणि प्लीज नुसती नावं देऊ नका, नावं बदलतात, मालक बदलतात, शोधायचं कसं ते सांगा.

कृष्णाकाठचा:
ताई, पहिली गोष्ट म्हणजे मॅपवर रेस्टॉरंट टाकूच नका. मराठीत "खानावळ" टाका, "भोजनालय" टाका, वेगळीच यादी येते बघा. रेस्टॉरंट म्हटलं की आमच्याकडे फॅमिली रूम, एसी आणि पनीरच येणार, सांगलीकर स्वतः तिथं वाढदिवसाला जातो, रोज जेवायला नाही. आणि रेटिंगचा आकडा सोडून द्या, रिव्ह्यू "सर्वात नवीन" असे लावा आणि गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघा, मालकाने टाकलेले नाही. त्यात भिंतीवरच्या दरपत्रकाचा फोटो सापडला तर सोनं, भाव तिथंच कळतो. पाच स्टार देऊन "नाइस फूड" लिहिणाऱ्यांपेक्षा तीन स्टार देऊन "भाकरी चांगली पण दुपारी दोननंतर आमटी पातळ होते" लिहिणारा माणूस खरं जेवलेला असतो.

जुने ब्लॉग आणि "सांगलीतली दहा ठिकाणं" असले व्हिडिओ बघणार असाल तर तारीख तेवढी बघा. २०१९ च्या पुरात मारुती चौक, गावभाग सगळं पाण्यात होतं, त्यामुळं त्याच्या आधीच्या याद्या धरून तर अजिबात फिरू नका.

आता सासूबाईंचं. त्यांच्यासाठी आमचा भाग स्वर्ग आहे, खरंच. इथं लिंगायत आणि जैन वस्ती मोठी, त्यामुळं शाकाहारी खानावळी भरपूर, आणि त्या नावालाच शाकाहारी असं नाही, त्यांच्या चुलीवर दुसरं काही चढतच नाही. बोर्डावर "लिंगायत खानावळ" किंवा "बसवेश्वर" असं दिसलं की आत शिरा. ज्वारीची भाकरी, एखादी उसळ, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, दही, शेवटी भात-आमटी. भाकरी समोर थापली जात असेल तर डोळे झाकून बसा. आणि भरलं वांगं असेल तर सोडू नका, कृष्णाकाठच्या वांग्याची चव मुंबईच्या वांग्याला नाही, हे मी भांडून सांगायला तयार आहे.

मिरज_जंक्शन:
वरच्यांनी सगळं सांगलीचंच सांगितलं, जणू मिरजेत लोक उपाशी राहतात 😄 तानपुरा घ्यायला येताय म्हणजे तुमचा दिवस मिरजेत जाणार, एका दुकानात जवारी ऐकायची, मग शेजारच्यात, मग परत पहिल्यात, घाई करून हे काम होत नाही. (सतार आणि तानपुरा दोन्हीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, लेकीला सांगा.) मग दुपारचं जेवण इकडेच करा ना.

मिरजेचं एक लक्षात घ्या, हे दवाखान्यांचं गाव आहे. वानलेस हॉस्पिटलपासून ही परंपरा, कर्नाटकातून, सोलापूरकडून लोक पेशंट घेऊन येतात आणि आठ-आठ दिवस राहतात. या नातेवाइकांना रोज दोन वेळा बाहेरच जेवावं लागतं, पैसे आधीच औषधात गेलेले, आणि पोट बिघडून चालत नाही. म्हणून मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपासच्या गल्लीतलं साधं जेवण स्वस्त पण असतं आणि कमी तिखट पण. दवाखान्याच्या समोर मोठ्या रस्त्यावरचं नको, तिथं भाडं जास्त, एक गल्ली आत. मेडिकलवाल्याला विचारा, त्याचं कमिशन नसतं आणि तो स्वतः तिथूनच डबा मागवतो. डोसा तर विचारूच नका, कर्नाटक इतकं जवळ की लोणी डोशाच्या गाड्या संध्याकाळी कुठंही दिसतील. जिथं तवा मोठा आणि लोक उभे राहून खातायत तिथं जा.

नवऱ्याच्या मटणाचं: वार बघून बेत करा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपल्याकडं मटणाचे वार, त्या दिवशी माल ताजा आणि संपतो पण. सोमवारी, गुरुवारी मटणाच्या बऱ्याच खानावळी अर्धवट चालतात किंवा बंदच असतात, आणि ज्या चालू असतात तिथं फ्रिजमधलं येण्याची शक्यता जास्त. दर्ग्याच्या बाजूला बिर्याणी बघा, पण उरसाच्या दिवसात येणार असाल तर लॉज आधीच पक्कं करा, गर्दी असते.

वडापवाला:
लई लांबलचक लिवलंय सगळ्यांनी. ताई, सांगली ते मिरज वडाप, म्हंजी शेअर रिक्षा मिळती, आठ-धा किलोमीटर, वाटंत विश्रामबाग लागतंय. मी ह्याच लाइनला हाय म्हणून सांगतो, कमिशनचं म्हणाल तर लॉजचं असतंय, जेवणाचं सहसा न्हाय, पण तुम्ही "चांगलं हॉटेल दाखवा" म्हणलं की आमचा माणूस तुमचे कपडे बघून मोठ्या हॉटेलला नेणार, त्याला वाटतंय पाव्हणं मुंबईचं हायत, साधं दावलं तर काय म्हणतील. तवा असं इचारायचं, "दादा, तुम्ही दुपारी कुठं जेवता?" मग बगा. आणि इस्लामपूरकडनं येणार असाल तर अख्खा मसूर खाऊनच या, रोटीसंगं, शाकाहारी हाय, सासूबाईस्नी चालंल.

सूरवेडी:
वा, "तुम्ही कुठे जेवता" हे भारी आहे. पण एक शंका. असल्या खानावळीत बाई माणसं जातात का? म्हणजे मी आणि सासूबाई दोघीच गेलो तर? आणि तिखटाचं काय करायचं, "कमी तिखट" सांगितलं तर करतात का?

होस्टेलचा_माजी:
ताई मी वालचंदला होतो, चार वर्षं विश्रामबागेत काढली, त्यामुळे थोडं बोलतो. दोघीच जात असाल तर स्टँडसमोरच्या ठिकाणी रात्री उशिरा नको, बाकी दुपारी बिनधास्त जा. अजून सोपं म्हणजे विश्रामबागेतल्या मेस. वालचंद आणि विलिंग्डन दोन्ही कॉलेजं त्याच भागात, त्यामुळे घरगुती मेस बऱ्याच आहेत, कितीतरी काकू स्वतः चालवतात, मुली पण जेवायला येतात, घरातल्यासारखं वातावरण. महिन्याचे मेंबर असले तरी आधी फोन केला किंवा बारा वाजता जाऊन सांगितलं तर गेस्ट ताट मिळतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा, रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद, आणि परीक्षा संपून पोरं गावाला गेली की अर्ध्या मेस बंदच.

मार्केट यार्डाचं कोणी लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. हळदीच्या सौद्यांना बाहेरगावचे शेतकरी येतात, हमाल, तोलाईदार, ड्रायव्हर, अडत्यांकडची माणसं, ही सगळी पहाटेपासून कामाला लागलेली, यांना पोटभर आणि पटकन लागतं. तिथला सकाळचा नाष्टा मस्त. पण यार्डाला सुट्टी असली की तिकडं शुकशुकाट, आणि दुपारी तीननंतर गेलात तर भांडी घासताना दिसतील.

कृष्णाकाठचा:
तिखटाबद्दल. "कमी तिखट करा" सांगून काही होत नाही, कारण रस्सा सकाळीच मोठ्या पातेल्यात झालेला असतो, तुमच्यासाठी वेगळा कोण करणार. त्यापेक्षा "रस्सा वेगळ्या वाटीत द्या, भाजी सुकी द्या" असं सांगा आणि सोबत दही मागा. पिठलं, मुगाची आमटी, मेथीची भाजी यात तिखट बेताचं असतं. खर्डा आणि लाल चटणी ताटात आली तर सासूबाईंनी हात लावू नये, ती पानाची शोभा नाही. मिसळीचा कट तर त्यांच्या बाजूला पण नको.

आणि एक, थाळी म्हणजे अमर्याद की मोजकी हे बसायच्या आधी विचारा. साध्या ठिकाणी भाकरी-चपाती दोनच आणि पुढची जादा धरतात, रस्सा मात्र लागेल तेवढा. त्यात लपवाछपवी नसते, बाहेरच्याला माहीत नसतं इतकंच. जैन भोजनालयात जाणार असाल तर संध्याकाळी लवकर जा, काही ठिकाणी दिवेलागणीलाच आवरतात.

मिरज_जंक्शन:
एक राहिलं. परत जाताना भडंग घेणारच तुम्ही, तर घ्यायच्या आधी चव मागा, देतात. एकाचं तिखट, एकाचं लसूण जास्त, एकाचं गोडसर. पाकीट घेणार असाल तर पॅकिंगची तारीख बघा, मऊ पडलेलं भडंग कोणी खात नाही. आणि मोठी पिशवी घ्या, गाडी कराड सोडायच्या आत अर्धं संपतं.