मदत हवी आहे : कोरियन 'र' आणि 'ल' – स्वनिम एक की दोन?

पहिलंसत्र :
स्वनविचाराच्या गृहपाठात कोरियन भाषेतले हे शब्द आहेत :

[मुल्] पाणी, [पाल्] पाय, [ताल्] चंद्र, [ताल्दा] गोड असणे, [साराम्] माणूस, [नारा] देश, [तारी] पूल, [उरी] आपण

[र] आणि [ल] हे स्वतंत्र स्वनिम (म्हणजे भाषेत अर्थाचा फरक करणारे ध्वनी) आहेत की एकाच स्वनिमाची स्वनांतरं (म्हणजे त्याचेच वेगवेगळे उच्चार), ते ठरवून नियम लिहायचा आहे. 'ताल्–तारी' ही मिनिमल पेअर दाखवून 'स्वतंत्र' असं उत्तर दिलं तर ते चूक ठरलं. का? दोन्ही ध्वनी तर स्वच्छ वेगळे ऐकू येतात.

खडूफळा :
ताल्–तारी ही मिनिमल पेअरच नाही. पेअरमध्ये एकाच जागचा एकच ध्वनी बदलायला हवा, बाकी सगळं तसंच, आणि अर्थ वेगळा. मराठीत मार–माल तशी आहे. 'तारी'मध्ये मात्र शेवटी जादा ई आली, म्हणजे शेजारच बदलला.

'वेगळे ऐकू येतात' हा पुरावा धरू नका. ऐकतोय तो मराठी कान. काल–खाल मधला फरक आपल्याला उघड वाटतो, पण इंग्रजीत क आणि ख यांच्या अदलाबदलीने अर्थ बदलत नाही, त्यामुळे तिथल्या कानाला तो सहज निसटतो.

आधी परिसरांचा तक्ता करा. आधीचा ध्वनी, रेघ, नंतरचा ध्वनी. शब्दाची सीमा असेल तिथे #.

[र] : आ_आ, आ_आ, आ_ई, उ_ई
[ल] : उ_#, आ_#, आ_#, आ_द

एकही परिसर सामाईक नाही, म्हणजे परिपूरक विनियोग. स्वनिम एक. नियम : शब्दाच्या शेवटी [ल], इतरत्र [र].

तळटीप :
वरचं सगळं बरोबर, नियम सोडून. त्या नियमाने 'ताल्दा'चं 'तार्दा' होईल! असा एखादा शब्द यादीत असतोच, आणि घाईत तोच नजरेतून सुटतो.

नियम उलट बाजूने लिहा. [र] फक्त दोन स्वरांच्या मध्ये येतो. [ल] शब्दान्तीही येतो आणि व्यंजनाआधीही. ज्याचे परिसर एका वाक्यात बसत नाहीत तो मूळ धरायचा :

/ल/ → [र] / स्वर_स्वर

डावीकडे स्वनिम, म्हणून तिरप्या रेघा; उजवीकडे उच्चार, म्हणून चौकटी कंस. स्वनिम आणि उच्चार यांची गल्लत इथेच पकडली जाते.

आणखी भक्कम पुरावा हवा असेल तर 'मुल्'ला कर्त्याचा प्रत्यय -ई लावा : [मुरी]. शब्द तोच, अर्थ तोच, फक्त ल दोन स्वरांत सापडला.

पहिलंसत्र :
म्हणजे परिपूरक विनियोग दिसला की डोळे झाकून 'एक स्वनिम' लिहायचं?

तळटीप :
अजिबात नाही. इंग्रजीत [ह] अक्षराच्या सुरुवातीलाच येतो, [ङ] शेवटीच. अक्षर म्हणजे इथे सिलेबल, लिपीतलं अक्षर नव्हे. दोघांची गाठ कधीच पडत नाही, तरी त्यांना कोणी एक स्वनिम म्हणत नाही, कारण उच्चारात साम्यच नाही. [र] आणि [ल] दोन्ही सघोष, दोन्हींत जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीपाशी जातं. उत्तरात ही ओळ हवीच.

खडूफळा :
नियमाची चूक मान्य, 'ताल्दा' माझ्याही नजरेतून सुटला. एक भर : उत्तरात 'दिलेल्या शब्दांपुरतं' असं लिहा. शब्दाच्या सुरुवातीला काय होतं ते या यादीत नाहीच, आणि कोरियनमध्ये 'रेडिओ'सारख्या उसन्या शब्दांत [र] सुरुवातीलाही येतो.