लाल पेशींचं दुप्पट दान

या दानात यंत्र रक्त काढून लाल पेशी ठेवून घेतं आणि बाकीचं दात्याला परत देतं. "यंत्र रक्त परत देतं, मग थकवा कसला?" असं काही जण विचारतात. भाऊ, परत येतो तो प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), सोबत थोडं सलाईन. लाल पेशी मात्र नेहमीच्या दुप्पट जातात. म्हणून तर अमेरिकेत अशा दानानंतर ११२ दिवस थांबवतात, साध्या रक्तदानानंतर ५६. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून मिसळतात त्या सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या आल्या तर गप्प बसू नका, टेक्निशियनला सांगा. तो यंत्राचा वेग कमी करतो. (जळगावच्या मे महिन्यात आदल्या दिवसापासूनच पाणी पीत राहा!) नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सिकलसेलच्या (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) रुग्णांना रक्त चढवायची वेळ आली की लाल पेशीच लागतात. साध्या पिशवीतूनही रक्तपेढी त्या फिरवून वेगळ्या काढते, तेव्हा यंत्रासाठी अडून बसू नका. आपल्याकडे साधं रक्तदान पुरुषांना ९० दिवसांनी, बायकांना १२० दिवसांनी पुन्हा करता येतं.