नकाशावर किती रंग भरला, यावरून राजा मोजायचा का?

पाटीपेन्सिल

काल इथे 'जगाच्या इतिहासातले दहा सर्वश्रेष्ठ राज्यकर्ते' असा एक धागा आला. सिकंदर पहिला, चंगीझ खान दुसरा, नेपोलियन तिसरा. निकष एकच: कोणी किती मुलूख जिंकला. खाली रांगेने 'छान संकलन', 'वाचनखूण साठवली'. मी रात्री तीनदा प्रतिसाद लिहिला आणि खोडला. शेवटी वेगळा धागाच काढतोय.

मुलूख जिंकणं हे सेनापतीचं काम. राज्यकर्त्याची परीक्षा तो डोळे मिटतो त्या दिवशी सुरू होते. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला, वय बत्तीस. वारस ठरवलेला नाही, कारभाराची घडी बसवलेली नाही. त्याचे सरदार पुढची चाळीसेक वर्षं एकमेकांच्या उरावर बसले. त्याची आई, बायको रोक्साना आणि बापाचं तोंडही न पाहिलेला मुलगा, तिघंही मारली गेली. हा पहिला क्रमांक?

आता सोलोन बघा. इ.स.पू. ५९४ मध्ये अथेन्सने त्याच्या हाती सगळे अधिकार दिले. कर्जापायी गुलाम झालेल्यांना त्याने सोडवलं, कायदे घालून दिले आणि दहा वर्षांसाठी शहर सोडून गेला. कायदे बदलून द्या म्हणून कोणी गळ घालायला नको, म्हणून. किंवा नेल्सन मंडेला. सत्तावीस वर्षं कैदेत, मग १९९४ ते १९९९ एकच मुदत राष्ट्राध्यक्ष, आणि बाजूला. दुसरी मुदत मागितली असती तर त्यांना नाही कोण म्हणालं असतं?

हे मला इतकं का लागतं तेही सांगतो. माझ्या वडिलांनी एक संस्था एकतीस वर्षं चालवली. प्रामाणिक माणूस, एका पैचा गैरव्यवहार नाही. पण दुसऱ्या कोणाची सही चालत नसे, आणि कपाटाच्या किल्ल्या रुग्णालयातल्या खाटेवरसुद्धा उशाखाली होत्या. ते गेले आणि दोन वर्षांत संस्थेला टाळं लागलं. ज्याला सोडता येत नाही त्याला चालवताही येत नव्हतं, असं मी तेव्हापासून मानतो.

उत्तरध्रुव

साफ असहमत. 'मागे काय टिकलं' हा निकष लावायचा तर शेवटपर्यंत लावा. सोलोन परतला, आणि त्याच्या हयातीतच पिसिस्ट्राटसने अथेन्सची सत्ता बळकावली. रोमचा सम्राट डायोक्लेशन इ.स. ३०५ मध्ये आपणहून पायउतार झाला. घडी त्याने आधीच बसवली होती: दोन ज्येष्ठ सम्राट, दोन कनिष्ठ, कोणामागून कोण येणार तेही ठरलेलं. दुसऱ्याच वर्षी सगळं विस्कटलं आणि यादवी पेटली. खुर्ची सोडणं हा माणसाचा मोठेपणा असेल, राज्य त्याने टिकतंच असं नाही.

आता उलट बाजू. छिन शी हुआंग. इ.स.पू. २२१ मध्ये त्याने चीन एक केला, २१० मध्ये वारला, आणि चार वर्षांत त्याचं घराणं संपलं. म्हणजे तुमच्या हिशेबाने नापास. पण एक लिपी, एक वजनमाप, गाडीच्या दोन चाकांमधलं एकच अंतर, वतनदार सरदारांऐवजी नेमलेले अधिकारी, हे कोणाचं? त्याला शिव्या घालत आलेल्या हान घराण्याने त्यातलं बहुतेक उचललं.

आणि चंगीझ खान. हयातीतच त्याने आपल्या मुलाला, ओगदेईला, वारस ठरवलं. १२२७ मध्ये तो गेला, १२२९ च्या कुरुलताईत (मोंगोल सरदारांच्या सभेत) ओगदेई गादीवर बसला, आणि साम्राज्य त्यानंतर आणखी पसरलं. तुमच्याच फूटपट्टीने तो पहिला येतो. मान्य आहे?

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण घरातला सल सिकंदरावर काढू नका.

पाटीपेन्सिल

वडिलांचं मी उदाहरण दिलं होतं. तुमच्याकडून निदान मागितलं नव्हतं. हे वाक्य तुम्ही मागे घ्यावं.

चंगीझबद्दल: १२५९ मध्ये त्याचा नातू मोंगके, तेव्हाचा खान, वारला आणि पुढच्याच वर्षी कुबलाई आणि अरिक बोके हे सख्खे भाऊ फौजा घेऊन समोरासमोर उभे राहिले. १२२७ पासून मोजा, तेहतीस वर्षं. एवढ्यासाठी किती शहरं जाळली?

छिनचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. घराणं आणि घडी या दोन गोष्टी मी एकच धरल्या. ते चुकलं.

मोडीवाचक

अवांतर आहे, पण दर वेळी लिहावं लागतं. कालच्या धाग्यावर चौघांनी चंगीझला मुसलमान ठरवलं. 'खान' ही पदवी आहे. तो आकाशदेव तेंग्रीला मानणारा होता आणि मध्य आशियातल्या ख्वारझमच्या मुस्लिम सत्तेचा त्याने चुराडा केला. १२५८ मध्ये बगदादची खिलाफत बुडवली ती त्याच्या नातवाने, हुलागूने. आडनावासारखं दिसलं की धर्म चिकटवायचा, ही सवय कधी जाणार?

मूळ विषयावर. पाटीपेन्सिल यांच्या निकषाला दाखला शोधायला ग्रीसपर्यंत जायला नको. औरंगजेबाच्या अखेरीस मोगल राज्याचा विस्तार सर्वांत मोठा होता. १७०७ मध्ये तो गेला आणि बत्तीस वर्षांत नादिरशहा दिल्ली लुटून गेला. समोर स्वराज्य. महाराज १६८० मध्ये गेले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या, राजधानी पडली, राजाराम महाराज जिंजीला, १७०० मध्ये तेही गेले. तरी लढाई थांबली नाही, ताराबाईंनी ती शेवटपर्यंत चालवली. एकामागून एक राजे गेले तरी सत्तावीस वर्षांच्या लढ्यात जे राज्य मोडत नाही, ते उभारणाऱ्याला मी मोठा म्हणतो. नकाशात ते केवढं दिसतं याने मला फरक पडत नाही.

सांजवात

दहा नावं, दहाही पुरुष. आणि इथे एवढी चर्चा झाली, ताराबाईंचं नाव आलं तेही वाक्याच्या शेवटी.

इजिप्तची हातशेपसुत सुमारे वीस वर्षं फेरो होती. पुंत देशी तिने पाठवलेली व्यापारी मोहीम देर अल-बहरीच्या मंदिराच्या भिंतींवर कोरली आहे. तिच्यामागून आलेल्या थुतमोस तिसऱ्याच्या अखेरच्या काळात तिच्या प्रतिमा छिन्नीने तासून काढल्या. वू झेत्येन ६९० ते ७०५ स्वतःच्या नावाने चीनची सम्राट होती, तिच्या समाधीपुढचा प्रचंड शिलास्तंभ कोरा आहे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं.

'मागे काय टिकलं' म्हणता ना? ते पुसणाऱ्यांच्या हातात छिन्नी होती, त्याचा हिशोब तुमच्या निकषात कुठे बसतो?

पाटीपेन्सिल

सांजवात, बसत नाही. खरं आहे.

कोरा कागद

मला आश्चर्य वाटतंय की अशोकाचं नाव अजून कोणी घेतलं नाही. सगळ्यांनी जिंकलं. जिंकल्यावर 'माझं चुकलं' असं स्वतःच्या नावाने दगडावर कोरणारा दुसरा राजा दाखवा. तेराव्या शिलालेखात आकडे आहेत: दीड लाख माणसं कलिंगातून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी पट मेली. पुढे म्हणतो, त्याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्श्याएवढ्यांना जरी आज ते भोगावं लागलं, तरी मला ते जड वाटेल. माझ्यासाठी यादी इथेच संपते.

वळचण

कधी नव्हे ते लिहितोय, कारण हे वाचून राहवलं नाही.

अशोकाने चौदा लेखांची एकच माला ठिकठिकाणच्या खडकांवर कोरवली. त्यातला तो तेरावा लेख कुठे कुठे आहे ते बघा. गिरनारला आहे, कालसीला आहे, शाहबाजगढीला आहे. कंदाहारला १९६३ मध्ये ग्रीक भाषेतला तुकडा सापडला, त्यातही कलिंगच्या मेलेल्यांचे आकडे आहेत. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला? तिथे अकरा, बारा, तेरा हे तिन्ही लेख गाळले आहेत. कंदाहारच्या ग्रीकाला कळावं की कलिंगात किती मेले, आणि ज्यांचे मेले त्यांच्या गावाजवळच्या खडकावर त्यातलं अक्षर नाही. याला पश्चात्ताप म्हणायचं?

कोरा कागद

तुम्ही अर्धंच सांगता आहात आणि ते रागाने सांगता आहात. धौलीला ते तीन गाळून दोन स्वतंत्र लेख कोरले आहेत. त्यातच 'सर्व माणसं माझी लेकरं' हे वाक्य आहे. तिथल्या, तोसलीच्या अधिकाऱ्यांना बजावलंय की विनाकारण कोणाला कैद होऊ नये, छळ होऊ नये. मत्सर, राग, निष्ठुरपणा, घाई, आळस टाळा म्हणतो. दर पाच वर्षांनी तपासणीला माणूस पाठवीन म्हणतो. जखमेवर आकडे कोरण्यापेक्षा हे जास्त माणुसकीचं नाही का?

उत्तरध्रुव

मी वळचण यांच्या बाजूने. आणखी दोन गोष्टी. एक, कलिंग परत केला नाही. नेलेली दीड लाख माणसं परत पाठवली, असं त्या लेखात कुठेही नाही. दोन, त्याच तेराव्या लेखात अटवीतल्या, म्हणजे रानातल्या, लोकांना सांगितलंय की मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हाती बळ आहे, तेव्हा वेळीच वागणूक सुधारा, नाहीतर मारले जाल. पश्चात्तापाच्या परिच्छेदातच धमकी.

कोरा कागद

सीमेवरच्या टोळ्यांना राजा काय सांगणार, या आणि लुटा? तुम्हाला राजा हवाय की संत, ते आधी ठरवा. मी वीस वर्षं वर्गात हा लेख शिकवला. दर वर्षी एक तरी मूल विचारायचं, 'मग तो राज्य सोडून का गेला नाही?' मी सांगायचो, सोडून गेला असता तर त्या अधिकाऱ्यांना आवर कोणी घातला असता? आजही माझं उत्तर तेच आहे.

वळचण

तुम्ही शिकवलंत. आम्ही भोगलंय.

एका प्रकल्पासाठी आमचं घर आणि जमीन गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ज्या अधिकाऱ्याची सही कागदावर होती, त्यांनी निवृत्तीनंतर एका सभेत भाषण केलं. गळा दाटून आला त्यांचा. 'त्या कुटुंबांचे चेहरे मला आजही झोपू देत नाहीत' म्हणाले. सभागृह उठून उभं राहिलं. सभागृहातले सगळे दुसरीकडचे होते, आमच्यातला मी एकटा, तोही योगायोगाने गेलेला. आमच्या वस्तीत ते कधी आले नाहीत. जमिनीचा तुकडा बदलून मिळायला पुढे अकरा वर्षं लागली.

म्हणून मला कंदाहार खुपतं. पश्चात्ताप कोणासमोर केला, हे मला पहिल्यांदा विचारावंसं वाटतं.

मोडीवाचक

वळचण, तुमच्या अनुभवापुढे मी काही बोलणार नाही. पण पुराव्यात एक अडचण आहे, ती झाकली तर मीच खोटा पडेन. कर्नाटकात सन्नतीला १९८६ मध्ये कालीमंदिराचं छत कोसळलं आणि मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे लेख निघाले. जेवढं वाचता येतं त्यात बारावा, चौदावा आणि धौलीचेच ते दोन स्वतंत्र लेख. सन्नती कलिंगात नाही. म्हणजे हे दोन लेख फक्त कलिंगची समजूत काढायला लिहिले, असं ठामपणे म्हणता येत नाही. तेरावा कलिंगात मुद्दाम गाळला असेलही. कारण काय, ते दगड सांगत नाही.

उत्तरध्रुव

सन्नतीचा मुद्दा घेतला. माझा 'परत केला नाही' हा आक्षेप त्याने हलत नाही.

सांजवात

हेच मोजमाप जॉर्ज वॉशिंग्टनला लावा मग. १७९६ मध्ये तिसरी मुदत नाकारली म्हणून जगभर कौतुक. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मोकळं करायचं लिहिलं ते मृत्युपत्रात, आणि तेही पत्नीच्या मृत्यूनंतर अमलात यावं असं. खुर्ची सोडता आली, माणसं सोडता आली नाहीत.

पाटीपेन्सिल

धागा माझा होता, तो धौलीला जाऊन बसला. सुरुवातीला चिडलो होतो, आता नाही.

'खुर्ची सोडणारा तो मोठा' हे मी वॉशिंग्टनचं नाव मनात धरूनच लिहिलं होतं. सांजवात यांनी ते नेमकं उचललं, आणि माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की मुलूख मोजण्याची फूटपट्टी त्याहूनही खोटी आहे, आणि त्यावरून मी हटणार नाही. उत्तरध्रुव यांनी ते वाक्य अजून मागे घेतलेलं नाही.

उत्तरध्रुव

वडिलांबद्दलचं वाक्य मागे घेतो. ते लिहायला नको होतं. चंगीझवर मी ठाम आहे.

कोरा कागद

वळचण, रात्रभर तुमचा प्रतिसाद डोक्यात होता. मी शिकवताना तेरावा लेख कुठे नाही हे कधीच सांगितलं नाही. मला ते माहीत होतं. मुलांच्या मनातला अशोक डागाळेल म्हणून मी ते वगळत आलो. ते योग्य नव्हतं.

पण एक गोष्ट मी धरून ठेवणार. धौलीचा तो लेख तिष्य (पुष्य) नक्षत्राच्या दिवशी वाचून ऐकवावा, असं त्यातच लिहिलंय. मधल्या काळातही, एकच माणूस ऐकायला असला तरी. म्हणजे कैद करणाऱ्या अधिकाऱ्यावर राजाने काय बंधन घातलंय, हे कलिंगच्या माणसाला ऐकण्याची सोय होती.

वळचण

हे मला माहीत नव्हतं. तेरावा लेख तिथे नाही हे मी माफ करणार नाही. पण ते वाचून दाखवायचं कलम आम्हाला मिळालं असतं, तर माझ्या आजोबांनी पहाटे उठून, चालत जाऊन ते ऐकलं असतं. कार्यालयात आमचा कागद कुठे अडलाय, एवढंही त्यांना कोणी वाचून दाखवलं नाही.