'डचेस ऑफ माल्फी': चुकलं कोण?

शब्दवेडी: इंग्रज नाटककार जॉन वेब्स्टरचं हे नाटक (छापलं १६२३ साली) पुन्हा वाचलं. तरुण विधवा डचेस आपल्या कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न करते आणि तिचे भाऊ, ड्यूक फर्डिनंड व कार्डिनल (चर्चमधला बडा धर्माधिकारी), तिचा जीव घेतात. माझ्या मते त्या सडक्या दरबारात हे लग्न हीच एक स्वच्छ गोष्ट आहे. कार्डिनल दुसऱ्याची बायको ठेवून आहे. फर्डिनंड आपल्या हेराला, बोसोलाला, तिच्या तबेल्यावरची नोकरी मिळवून देतो ती बहिणीवर पाळत ठेवायला. आणि ती? गुडघे टेकलेल्या अँटोनिओला म्हणते, तुमचं हे छप्पर फार ठेंगणं आहे, मला इथे ताठ उभं राहता येत नाही. आणि हात देऊन त्याला उठवते.

पाचवीघंटा: स्वच्छ? तिसऱ्या अंकात गुपित फुटल्यावर ती त्याच्यावर हिशेबात अफरातफरीचा खोटा आळ घेते, तोही चारचौघांत. कारभाऱ्याची आयुष्याची कमाई म्हणजे चोख हिशेब. तोच तिने मातीत घातला.

शब्दवेडी: त्याला पळून जाता यावं म्हणून! आणि आधी त्याला सांगून.

पाचवीघंटा: सांगून घेतला तरी आळ तो आळच. त्याची पाठ वळताच तिथले नोकरदार त्याला नावं ठेवू लागतात. गरिबाघरच्या माणसाची अब्रू खर्ची घालायची, ही मालकिणीची सवय.

रोखठोक: तुम्ही दोघंही पैसा विसरलात. ती विधवाच राहिली असती तर तिच्या मागे अमाप संपत्ती मिळेल अशी आशा होती, हे फर्डिनंड स्वतः कबूल करतो.

शब्दवेडी: खून झाल्यावर करतो ते! पैशासाठी मारणारा अंधारात बहिणीच्या हातात मेलेल्या माणसाचा हात देत नाही, नवऱ्यामुलांचे मेणाचे देह दाखवत नाही. त्याला खुपतं ते घराण्याचं रक्त कारभाऱ्याच्या रक्तात मिसळलं हे. ती मात्र मरायच्या आधी दासीला सांगते, धाकट्याला सर्दी झालीय, त्याला औषध दे. मुलीला झोपण्याआधी प्रार्थना म्हणायला लाव. ही मालकीण नाही हो, आई आहे.

पाचवीघंटा: ते वाचताना माझेही डोळे भरतात. पण मरताना अँटोनिओ काय मागतो? माझ्या मुलाला राजदरबारांपासून दूर पळू दे, एवढंच. आणि त्याचाच मित्र डेलिओ त्या पोराला आईच्या हक्काने गादीवर बसवायला घेऊन येतो. बापाचं म्हणणं तिथेही कुणी विचारलं नाही.