डोमेन विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं

कुणीतरी म्हटलंय, "एकदा डोमेन (म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव) घेतलं की ते कायमचं आपलं." नाही हो. डॉट कॉमचं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठीच मिळतं. मुदत टळली की विक्रेता बहुधा पैसे भरायला आणखी काही दिवस देतो. एकदा त्याने नाव काढून टाकलं की ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, पुढचे ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग जो आधी झडप घालेल त्याचं.

माझ्या मामेभावाच्या दुकानाचं नाव साइट बनवणाऱ्या पोराने स्वतःच्याच नावावर नोंदवलेलं. पैसे भावाचे, पण मुदत संपत आल्याचे आठवणीचे मेल त्या पोराच्या बंद पडलेल्या खात्यावर! तेव्हा डोमेन जिथून घेतलं तिथल्या खात्यात आजच जाऊन नोंदणीदाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा.