मदत हवी आहे: कामावरच्या ताईंना घरी मारहाण होते, मालक म्हणून काय करू?

भोसरीत माझं छोटं पॅकिंग युनिट आहे, 22 जणांचं. एचआर वगैरे नाही, हजेरीपासून पगारापर्यंत मीच बघतो.

एक ताई 6 वर्षांपासून आहेत. दोन महिन्यांत 9 खाडे झाले. मी चिडून पैसे कापले. नंतर सुपरवायझर बाईंकडून कळलं, नवरा मारतो. गेल्या आठवड्यात तो गेटवर येऊन वॉचमनला विचारत होता, हिची सुट्टी किती वाजता होते. वॉचमनने सांगूनही टाकलं!

आणखी एक घोळ माझाच. कामाला लागल्या तेव्हा ताईंचं खातं नव्हतं, म्हणून पगार नवऱ्याच्या खात्यात टाकला, तो आजही तिथेच जातो. त्यांच्याशी बोललो तर म्हणाल्या, "साहेब, त्यांना काही बोलू नका, घरी जास्त होतं."

त्याला गेटवर अडवता येईल का? पगाराचं काय करू? तक्रार मी करायची का? बायको म्हणते यात पडू नका, भाऊ म्हणतो बोलावून दम दे.

प्रतिसाद

दम अजिबात नको. संध्याकाळी ताईंना त्याच घरात जायचंय.

मी समुपदेशनात काम केलंय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 18 खाली दंडाधिकारी त्याला तिच्या कामाच्या जागी यायला मनाई करू शकतात. त्यासाठी अर्ज थेट कोर्टात किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) करता येतो. कलम 4 प्रमाणे तुम्हीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकता, हेतू प्रामाणिक असेल तर तुमच्यावर काही येत नाही. पण ताईंना न विचारता नको. आधी 181 ही महिला हेल्पलाइन किंवा सखी केंद्र (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) सांगा, फोन तुमच्या ऑफिसातून करू द्या. जिवावर बेतलं तर मात्र थेट 112.

गेट तुमचं आहे, आत न घ्यायला कोर्ट लागत नाही. वॉचमनने कुणाच्याच वेळा सांगायच्या नाहीत, एवढं आजच करा.

खातं ताईंच्या नावाने उघडा, पण बँकेचे मेसेज कुठल्या फोनवर येणार ते आधी बघा. तो फोन नवरा तपासत असेल तर सगळं उघडं पडेल. आणि पगार एकदम बंद झाला तर त्या रात्री काय होईल, हे ताईंनाच माहीत. कधी बदलायचं ते त्यांना ठरवू द्या.

धागाकर्ता

वॉचमनला सांगितलं. उद्या जेवणाच्या सुट्टीत ताईंशी बोलतो. कापलेले 9 दिवसांचे पैसे परत द्यायचेत, पण या महिन्यात टाकले तर तेही त्याच्याच खात्यात जातील. रोख देऊन सही घेतली तर चालेल का?